राजकन्येचें धनुष्य आणि तिची सुई

पांच-सहा वर्षांच्या मुलीचा वाढदिवस शहरांतल्या सुशिक्षित घरांतून कसा साजरा होतो, हें श्रोत्यांना सांगावयास नको. खणाचें परकर-पोलकें कपाटांतच राहतें आणि बर्फाच्या राज्यांतल्या एल्साराणीचा निळा, चकाकणारा झगा अंगावर चढतो. केकवर तीच राणी, दप्तरावर तीच, पाण्याच्या बाटलीवरहि तीच. आजी कौतुकानें पाहते. आई मात्र थोडी साशंक असते. कंबर मुठींत मावेल एवढी, डोळे कपाळाएवढे, आणि शेवटीं कोणी राजपुत्र येऊन हात धरणार. हेंच का मुलीनें मनांत धरावयाचें, हा तिचा प्रश्न. वडील म्हणतात, पोरीचा खेळ आहे, एवढें मनावर घेण्याचें कारण नाहीं. दोघांचेंहि म्हणणें सर्वस्वीं चूक नाहीं आणि सर्वस्वीं बरोबरहि नाहीं. म्हणूनच ॲनिमेशनच्या चित्रपटांतील या राजकन्यांची थोडी बारकाईनें विचारपूस करणें अवश्य आहे.

अमेरिकेंतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठांतील सारा कॉइन व त्यांचे सहकारी यांनीं २०१६ सालीं १९८ लहान मुलांची एक पाहणी प्रसिद्ध केली. शाळेंत जाण्यापूर्वीच्या वयाचीं हीं मुलें. त्यांपैकीं शेंकडा ९६ मुलींनीं आणि शेंकडा ८७ मुलग्यांनीं डिस्ने कंपनीच्या राजकन्या पाहिलेल्या होत्या. ज्या मुली या राजकन्यांत अधिक रमत, त्यांचें वागणें वर्षभरानंतर 'मुलीनें असें वागावें' या ठरीव सांच्यांत अधिक बसलेलें आढळलें. आईचा संशय खरा ठरला, असें म्हणावें, तों त्याच संशोधकांनीं २०२१ सालीं पुढची पाहणी छापली. मुलें दहा-अकरा वर्षांचीं झाल्यावर पाहिलें, तर लहानपणीं राजकन्यांत रमलेल्यांचीं स्त्रियांविषयींचीं मतें उलट अधिक उदार होतीं! तेव्हां राजकन्या ही विषाची पुडी नव्हे, आणि नुसती साखरेचीहि नव्हे. कोणत्या राजकन्येकडून काय मुलीच्या हातीं लागतें, हें पाहावयास हवें. आणि तें पाहावयाचें तर कंबरेचें माप सोडून दुसरीकडे नजर वळविली पाहिजे.

या घराण्याची मूळ राजकन्या स्नो व्हाइट. २१ डिसेंबर १९३७ रोजीं लॉस एंजेलिस शहरांत तिचा चित्रपट प्रथम पडद्यावर आला. हातानें काढलेल्या चित्रांचा ८३ मिनिटांचा बोलपट. एवढ्या लांबीचें कार्टून लोक बसून पाहतील कीं नाहीं, याची तेव्हां पुष्कळांना शंका होती. लोकांनीं तें डोक्यावर घेतलें. १९३९ सालीं वॉल्ट डिस्ने यांना त्याबद्दल ऑस्करचें खास मानचिन्ह मिळालें: एक मोठी मूर्ति आणि शेजारीं सात चिमुकल्या. तें त्यांच्या हातीं देणारी शर्ली टेंपल ही नटी स्वतः दहा वर्षांची होती.

ही राजकन्या करते काय? सावत्र आई जिवावर उठल्यामुळें ती रानांत पळते. तेथें एक अस्ताव्यस्त झोंपडी दिसतांच ती केरसुणी हातांत घेते, आणि बुटक्यांनीं राहूं द्यावें म्हणून घरकाम व स्वयंपाक पत्करते. जेवणाआधीं त्यांना हात धुवावयास लावते. हा प्रसंग आयांना फार आवडतो. नंतर ती विषारी सफरचंद खाते, निजते आणि राजपुत्राच्या चुंबनानें जागी होते. स्वभावानें ती गोड आहे, यांत संशय नाहीं. परंतु ज्या घटनांनीं तिचें आयुष्य फिरतें, त्या तिच्यावर येऊन पडतात, तिच्या हातून घडत नाहींत. १९५० सालची सिंड्रेला एक पाऊल पुढें आहे. सावत्र आईच्या कपटानें कांचेची मोजडी फुटते, राजाचा सरदार डोकें धरून बसतो, आणि ही शांतपणें खिशांतून दुसरी मोजडी काढते. सबंध चित्रपटांत हा तिचा एकच डाव, परंतु तो अचूक पडतो. १९५९ सालच्या 'स्लीपिंग ब्यूटी' मधली ऑरोरा तर चरख्याच्या चातीला बोट लागण्यापूर्वींच मुकी होते. आपण राजकन्या आहोंत, आणि रानांत भेटलेल्या तरुणाला पुन्हां भेटतां येणार नाहीं, हें कळतांच ती रडत निघून जाते. त्यानंतर चित्रपट संपेपर्यंत तिच्या तोंडीं एकहि शब्द नाहीं.

शब्दांचा विषय निघालाच आहे, तर त्यांचा हिशेबहि पाहण्यासारखा आहे. कार्मेन फॉट व कॅरेन आयझेनहाउअर या दोन अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ स्त्रियांनीं डिस्नेच्या राजकन्यांच्या चित्रपटांत स्त्रीपात्रें किती बोलतात आणि पुरुषपात्रें किती, हें मोजून पाहिलें, आणि २०१६ सालीं तो हिशेब वृत्तपत्रांतून गाजला. जुनें तें मागासलेलें आणि नवें तें पुढारलेलें, अशी सोयिस्कर समजूत करून घेणाऱ्यांना त्यानें चांगलाच धक्का दिला. स्नो व्हाइटच्या चित्रपटांत बोलण्याचा सुमारें निम्मा वांटा स्त्रियांचा आहे, सिंड्रेलाच्या चित्रपटांत शेंकडा ६० आणि 'स्लीपिंग ब्यूटी' मध्यें शेंकडा ७१. उलट राजकन्यांचा नवा काळ ज्या चित्रपटापासून धरतात, त्या १९८९ सालच्या 'द लिटल मर्मेड' मध्यें शेंकडा ६८ बोलणें पुरुषांचें. १९९२ सालच्या 'अलादीन' मध्यें तर शेंकडा ९०. आणि पुरुषवेष घेऊन बापाऐवजीं लढाईवर जाणाऱ्या चिनी मुलीचा १९९८ सालचा 'मुलान', त्यांतहि शेंकडा ७७. कारण तिचे सोबती पुरुष, सेनानायक पुरुष, बादशहा पुरुष, एवढेंच काय, तिचा पिटुकला ड्रॅगनहि पुरुषच.

अर्थात् मोजणी म्हणजे तोलणी नव्हे. 'स्लीपिंग ब्यूटी' मध्यें स्त्रियांचें बोलणें एवढें कां, तर तीन वृद्ध पऱ्या आणि एक दुष्ट जादूगारीण यांच्यामुळें. राजकन्येला सोळा वर्षें सांभाळणाऱ्या त्या तीन मावश्याच अखेरीस राजपुत्राला तळघरांतून सोडवितात आणि त्याला ढाल-तलवार देतात. नायिका निजलेली आणि पराक्रम मावश्यांचा. परंतु वाढदिवसाला मावशीचा झगा कोणती मुलगी मागते? आणि मत्स्यकन्या एरियल जिवंत, धीट, चौकस असली, तरी तिचा सौदा काय, हें विसरूं नये. पाय मिळावेत म्हणून ती समुद्रांतल्या चेटकिणीला आपला आवाज देते. हान्स अँडरसनच्या १८३७ सालच्या मूळ कथेंत तर मत्स्यकन्येची जीभच कापली जाते, आणि तिला राजपुत्र मिळत नाहीं. अँडरसननें त्या सौद्याची किंमत शेवटपर्यंत मोजून घेतली. चित्रपटानें आवाज परत दिला, वर लग्न लावून दिलें. लहान मुलांना तें सुखाचें वाटतें. परंतु सौदा मूर्खपणाचा होता, हें सांगण्याचें काम चित्रपटानें घरच्या वडीलधाऱ्यांवर सोडलें.

आतां ज्या राजकन्येसाठीं हें सगळें सांगावयाचें, तिच्याकडे वळूं. पिक्सार कंपनीचा पहिला चित्रपट १९९५ सालीं निघाला. पुढील सतरा वर्षांत खेळणीं, मुंग्या, मासे, मोटारी, उंदीर यांच्यावर मोठे गुणी चित्रपट झाले. परंतु बारा चित्रपटांत मुख्य पात्र मुलगी असा एकहि नव्हता. तेरावा, २०१२ सालचा 'ब्रेव्ह', हा पहिला. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखांतली मेरिडा ही त्याची नायिका. तिचे केंस पिंजारलेले, लालभडक, कोणत्याहि फणीला दाद न देणारे. चित्रकारांनीं त्यांतल्या सुमारें १,५०० बटा एकेक करून बसविल्या, असें सांगतात. ती घोडा उधळते, कडे चढते आणि बापानें लहानपणीं दिलेल्या धनुष्यानें अचूक नेम मारते. आई एलिनोर राणी तिला राजकन्येची रीत शिकविते: कसें बोलावें, कसें बसावें, सभेंत आवाज कसा लावावा, कोणत्या घराण्याचा कोणाशीं काय संबंध. मेरिडाला हें सारें जाचतें. मायलेकी एकमेकींविषयीं तक्रार करतात, परंतु एकमेकींजवळ नव्हे. एक घोड्याला सांगते, दुसरी नवऱ्याला. ज्या घरीं उपवर मुलगी आहे, तेथें हें चित्र ओळखीचें वाटेल.

तीन सरदारघराण्यांचे ज्येष्ठ पुत्र मेरिडासाठीं स्पर्धेला येतात. हा प्रसंग भारतीय श्रोत्याला परका नाहीं. द्रौपदीसाठीं मत्स्यवेधाचा पण होता, सीतेसाठीं शिवधनुष्याचा. नांव स्वयंवर, परंतु जो पण जिंकेल त्याला वधू, अशा बोलींत 'स्वयं' कितीसें उरतें? मेरिडा येथें एक फट शोधून काढते. नियमाचे शब्द असे, कीं प्रत्येक घराण्याच्या पहिल्या अपत्यानें स्पर्धेंत उतरावें. ती स्वतः आपल्या घराण्याचें पहिलें अपत्य! स्पर्धा धनुर्विद्येची निवडण्याचा हक्क तिचा, म्हणून तिनें तीच निवडलेली. सरदारपुत्रांचे बाण मारून होतांच ती मैदानांत येते, आवळलेला झगा टराटरा उसवते, आणि तीन बाण तीन लक्ष्यांच्या मध्यबिंदूंत मारते. त्यांतला एक तर आधींच रुतलेला बाण उभा चिरून पार जातो. आपल्या हातासाठीं आपणच उभी राहून आपणच जिंकली.

जाहिरातींत, पेटीवर, खेळण्याच्या दुकानांत जी मेरिडा दिसते, ती हीच, धनुष्य ताणलेली. 'मुलींना धीट आदर्श मिळाला' असें ज्यांनीं म्हटलें, त्यांच्याहि डोळ्यांपुढें बहुधा हाच प्रसंग असतो. परंतु हा प्रसंग चित्रपटाच्या पहिल्या तिसऱ्या भागांतच येऊन जातो. त्यानें कोणताहि प्रश्न सुटत नाहीं; उलट येथून सगळें बिघडत जातें. तीन घराणीं अपमानित होऊन हमरीतुमरीवर येतात. आई संतापते, मुलगी तिच्याहून संतापते, आणि आईनें विणलेल्या कौटुंबिक चित्रवस्त्रावर तलवार ओढून आई आणि मुलगी यांच्यामधला धागा उभा चिरते. आई तिचें धनुष्य आगींत टाकते. टाकतांक्षणींच पस्तावून तें बाहेर ओढूं लागते, पण मुलगी तेवढ्यांत निघून गेलेली असते.

रानांत मेरिडाला एक चेटकीण भेटते. बाई धंद्याला पक्की. अस्वलांच्या लांकडी मूर्ति कोरून विकते आणि चेटूक सोडल्याचें सांगते. मेरिडा तिच्याकडून आईला 'बदलणारें' केकचें औषध घेते. आई बदलते, ती अशी, कीं काळीभोर अस्वलीण होते. दुसऱ्या सूर्योदयापूर्वीं, गर्वानें तुटलेलें नातें सांधलें नाहीं, तर हें रूप कायमचें. येथें लक्ष देऊन पाहावें, मेरिडा प्रथम काय म्हणते तें. यांत माझी चूक नाहीं, चेटकिणीनें औषध बिघडविलें, असा तिचा धोशा चाललेला असतो. सोळा वर्षांची राजकन्या अगदीं आपल्या घरांतल्या पोरीसारखी बोलते. आणि चित्रपटाचा उरलेला भाग म्हणजे या एका वाक्यापासून त्याच्या उलट वाक्यापर्यंतचा तिचा प्रवास आहे.

हा प्रवास ती कशाच्या बळावर करते? धनुष्याच्या नव्हे. नदीकांठीं भुकेलेल्या अस्वलीण आईला मासे मिळवून देण्यास तें उपयोगीं पडतें, तेवढेंच. वाड्यांत परत येतात, तों दिवाणखान्यांत तीन घराणीं एकमेकांच्या जिवावर उठलेलीं. चित्रवस्त्र वरच्या मजल्यावर. तेथें पोहोंचावयाचें तर ही सभा शांत करावयास हवी. मेरिडा सरळ त्या दंगलींत शिरते आणि बोलावयास उभी राहते. आईनें शिकविलेली, जाचणारी विद्या येथें कामाला येते: आवाज कसा लावावा, पूर्वजांचा इतिहास कोणता, कोणीं कोणाचे प्राण वांचविले होते. तिनें मनाशीं ठरविलेलें असतें, कीं राज्यांत भांडण नको, लग्नाला रुकार द्यावा. तोंडून तो शब्द निघणार, इतक्यांत सभेच्या मागें पुतळ्यासारखी उभी असलेली अस्वलीण हातवारे करून तिला वेगळें सांगते: रीत मोडावी, मुलांनीं आपलें मन आपल्या वेळीं ओळखावें. मुलगी आईच्या हातांकडे पाहून बोलते, आणि सरदारांचे मुलगे, ज्यांना कोणी कधींच विचारलें नव्हतें, सुटकेचा श्वास टाकून रुकार देतात. सावित्रीनें यमाला जिंकलें तें शस्त्रानें नव्हे, बोलण्यानें. ही स्कॉटिश पोरगी त्याच वाटेनें जाते. त्या दोघी भाषाशास्त्रज्ञांच्या हिशेबांत 'ब्रेव्ह' मध्यें शेंकडा ७४ बोलणें स्त्रियांचें आहे. परंतु एकमेकींशीं सर्वांत महत्त्वाचें बोलणें त्या मायलेकी अशा वेळीं करतात, जेव्हां आईला वाचाच नसते.

पुढें राजा अस्वल समजून स्वतःच्या बायकोच्या पाठलागाला निघतो, आणि मेरिडा घोड्यावर बसल्या बसल्या फाटलेलें चित्रवस्त्र सुईदोऱ्यानें शिवूं लागते. सबंध चित्रपटांतला हा सर्वांत सुंदर क्षण म्हणावा. भरधांव घोडा, उडणारे केंस, आणि हातांत धनुष्याऐवजीं सुई! टांके वेडेवांकडे पडतात. तें वस्त्र आईच्या अंगावर घालते, सूर्य उगवतो, आणि कांहींच घडत नाहीं. कारण फाटलेलें कापड हें फाटलेलें नातें नव्हे. तेव्हां ती पोर अस्वलिणीच्या गळ्यांत पडून रडते आणि कबूल करते, कीं हें सारें आपल्या हातून झालें, आई नेहमीं आपल्याजवळ होती. कोणा राजपुत्राचें चुंबन नाहीं, तलवारीचा वार नाहीं. आपला दोष आपल्या तोंडानें बोलणें, एवढ्यानें ती जादू तुटते. आणि ज्या पुतळेबाज, रीतीच्या आईला चित्रपटानें आरंभीं थोडें हास्यास्पद केलें होतें, तीहि बदललेली असते. दोष एकीकडेच होता, असें तो म्हणत नाहीं. पिक्सारच्या या चित्रपटाचे मधले कांहीं विनोद गांवठी आहेत, आणि तीन सरदारपुत्र तर निव्वळ सोंगें आहेत. परंतु लहान मुलीला दाखविण्यासारखी एवढी पक्की गोष्ट राजकन्यांच्या दुसऱ्या चित्रपटांत क्वचित् सांपडेल. धीट मुलगी पुष्कळांनीं रंगविली. चूक करून, ती नाकारून, मग ती पदरांत घेऊन निस्तरणारी मुलगी फार थोड्यांनीं.

ही कथा आली कोठून, हेंहि ऐकण्यासारखें आहे. १९३८ सालीं डिस्नेच्या चित्रशाळेंत काम मागणाऱ्या एका तरुणीला आलेलें उत्तर आज प्रसिद्ध आहे. पडद्यासाठीं चित्रें रचण्याचें सर्जनाचें काम स्त्रिया करीत नाहींत, तें सर्वस्वीं तरुण पुरुषांकडे असतें; स्त्रियांसाठीं काम म्हणजे पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईनें रेघा गिरविणें आणि रंग भरणें, असा त्याचा आशय. म्हणजे स्नो व्हाइट केर काढीत होती, त्याच सुमारास तिला रंगविणाऱ्या शेंकडों मुलींनाहि दुसऱ्यांनीं आंखलेल्या रेघांबाहेर जाण्याची मुभा नव्हती. अपवाद झाले. रेटा स्कॉट यांचें नांव १९४२ सालच्या 'बांबी' मध्यें ॲनिमेटर म्हणून झळकलें. डिस्नेच्या चित्रपटांत हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. सिंड्रेलाच्या चित्रपटाची रंगसंगति मेरी ब्लेअर यांच्या चित्रांवरून ठरली. तरी डिस्नेच्या ॲनिमेशनपटाची पटकथा स्त्रीनें लिहावयास १९९१ साल उजाडावें लागलें. तो चित्रपट 'ब्यूटी अँड द बीस्ट', लेखिका लिंडा वुलव्हर्टन. पुस्तकांत डोकें खुपसून गांवांतून चालणारी बेल ही त्यांची राजकन्या. डिस्नेच्या मूळ चित्रशाळेच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाचें दिग्दर्शन स्त्रीकडे आलें तें आणखी बावीस वर्षांनीं, २०१३ सालीं, जेनिफर ली यांनीं सहदिग्दर्शित केलेल्या 'फ्रोझन' मध्यें. वाढदिवसाच्या त्या निळ्या झग्याचें माहेर हेंच.

'ब्रेव्ह' ची कल्पना ब्रेंडा चॅपमन यांची. स्वतःच्या हट्टी मुलीशीं चालणाऱ्या ओढाताणींतून ती सुचली, असें त्यांनीं सांगितलें आहे. पिक्सारच्या चित्रपटाचें दिग्दर्शन हातीं आलेली ती पहिली स्त्री. २०१० सालीं मतभेदांवरून तें काम त्यांच्याकडून काढून मार्क अँड्र्यूज यांना देण्यांत आलें. चित्रपटावर दोघांचीं नांवें राहिलीं, आणि २०१३ सालीं ऑस्कर मिळालें तेव्हां व्यासपीठावर दोघेंहि गेलीं.

त्याच वर्षीं मे महिन्यांत फ्लॉरिडांतल्या डिस्नेच्या करमणूकनगरींत मेरिडाला अकरावी डिस्ने राजकन्या म्हणून थाटानें अभिषेक झाला. या निमित्तानें तिचें नवें चित्र काढण्यांत आलें. त्यांत कंबर बारीक झाली, केंस लाटांसारखे बसले, झगा चमकूं लागला, गळा खालीं उतरला, आणि धनुष्य-भाता गेला. जिनें आवळलेला झगा भर मैदानांत उसविला, तिला दुकानदारीनें पुन्हां त्याच झग्यांत शिवून टाकलें! चॅपमन यांनीं उघड निषेध केला, आणि दोन लक्षांहून अधिक लोकांनीं विनंतीपत्रावर सह्या केल्या. चित्र मर्यादित प्रसंगापुरतें होतें, असा कंपनीकडून खुलासा झाला. एका चित्रावरून एवढें रान कशाला उठवावयाचें, असें कोणास वाटेल; परंतु चित्रपट वर्षांतून दोनदां पाहिला जातो, दप्तर रोज पाठीवर असतें.

हा बाजारहि मोठा चमत्कारिक रीतीनें जन्मला. २००० सालच्या सुमारास अँडी मूनी नांवाचे डिस्नेचे अधिकारी फीनिक्स शहरांत बर्फावरचा खेळ पाहावयास गेले होते. तेथें त्यांना लहान मुली राजकन्यांच्या वेषांत आलेल्या दिसल्या; पण ते झगे कंपनीचे नव्हते, घरीं तयार केलेले होते. मागणी आहे आणि माल नाहीं, हें त्यांनीं ओळखलें, आणि सगळ्या राजकन्या एका छत्राखालीं आणून विकावयास काढल्या. २००१ सालीं तीस कोटि डॉलरांचा असलेला हा व्यापार २००९ पर्यंत चारशें कोटींवर गेला. घरीं शिवलेल्या त्या झग्यांत आईची सुई होती आणि मुलीची कल्पना होती. दुकानांतल्या झग्यांत दोहोंचीहि गरज उरली नाहीं.

मेरिडा अगदींच एकटी आहे, असें मात्र नाहीं. २००९ सालच्या 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' मधली टियाना ही डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या. न्यू ऑर्लीन्समध्यें उपाहारगृहांत वाढपिणीचें काम करून डब्यांत पैसे सांठविणारी. ताऱ्याला मागणें मागितलें तरी हातपाय हालवावेच लागतात, हें तिला बापानें शिकविलेलें. दुर्दैवानें अर्ध्याहून अधिक चित्रपट ती बेडूक असते. आणि २०१६ सालच्या चित्रपटांतली पॉलिनेशियन बेटावरची मोआना. देवी ते फितीचें चोरलेलें हृदय परत करावयास ती समुद्रावर निघते. एकदां हट्टानें नाव पुढें रेटते, सोबत्याचें हत्यार मोडतें, आणि निराश होऊन ती तें हृदय समुद्राला परत देऊन टाकते. आजीचा आत्मा येऊन तिला दोष देत नाहीं. घरीं जावयाचें तर जा, मी सोबत आहें, एवढेंच म्हणतो. निर्णय मोआनाचा. शेवटीं आगीच्या लोळासारखी राक्षसीण पुढें उभी राहते, तेव्हां ही मुलगी तिला मारीत नाहीं, ओळखते: हृदय हरवलेली देवी ती हीच. समुद्र बाजूला करून ती तिला आपल्याजवळ येऊं देते. राजपुत्र या कथेंत आरंभापासूनच नाहीं, आणि त्याची कोणाला आठवणहि होत नाहीं. २०१७ सालीं हा चित्रपट न्यूझीलंडच्या माओरी भाषेंत निघाला, आणि तेथल्या मुलींना राजकन्या आपल्या आजीच्या भाषेंत बोलतांना ऐकावयास मिळाली.

मुली खेळतांना मेरिडा होतात, तेव्हां बांबूच्या कांबीला सुतळी बांधून धनुष्य करतात. सुई घेऊन कोणी मेरिडा होत नाहीं; तें स्वाभाविक आहे, सुईंत धांवण्यापळण्याची मजा नाहीं. परंतु चित्रपट संपण्यापूर्वींचीं शेवटचीं कांहीं दृश्यें सहसा कोणी नीट पाहत नाहीं; दिवे लागण्याच्या सुमारास आया मुलांच्या चपला शोधीत असतात. आई आणि मुलगी दोघी मिळून एक नवें चित्रवस्त्र करावयास बसलेल्या आहेत. राणीचे नेहमीं घट्ट बांधलेले केंस सैल सुटलेले आहेत. वस्त्रावर मेरिडा आहे, आणि तिच्यासमोर मुकुट घातलेली राणी नव्हे, तर एक मोठी काळी अस्वलीण. खालून हांक येते, पाहुणे निघाले. दोघी काम तसेंच टाकून उठतात आणि घोड्यांवर बसून निघतात.